आमची बोली सातासमुद्रापार नेणारे भास्करकाका

शालिनीकाकूंचा फोन आला तेव्हा आमच्या देऊळघाटच्या शेतात सोयाबीनची सोंगणी चालली होती. मी बायांसाठी चहा घेऊन धुऱ्यावर पोचले होते. काकूंचा आवाज नेहमीसारखाच शांत होता. "रेखा, काका गेले गं. सकाळी चहा घेतला, पेपर वाचला, म्हणाले जरा पडतो... मी हाक मारायला गेले तर गेलेले." मी चहाची किटली तिथेच ठेवून तशीच बुलढाण्याला निघाले. घरी पोचल्यावर रडू आवरेना, तेव्हा काकूंनीच मला जवळ घेतलं. "नको रडू. इतक्या समाधानानं गेलेला माणूस मी पाहिला नाही," त्या म्हणाल्या. आता काही आठवडे उलटलेत, शेत मोकळं झालंय, आणि मला काकूंच्या त्या वाक्याचा अर्थ हळूहळू उलगडतोय.

भास्करकाका माझे नात्यातले कोणी नव्हते. मी लिहिलेली 'धुऱ्यावरच्या बाया' ही कादंबरी त्यांनी इंग्रजीत नेली, एवढाच आमचा संबंध. पण तो रक्ताच्या नात्याहून घट्ट निघाला. त्यांची ओळख झाली तेव्हा ही कादंबरी छापून झाली होती आणि जवळजवळ मेलीही होती. आमच्याकडे शेताच्या बांधाला धुरा म्हणतात. त्या धुऱ्यावर बसून भाकर खाता खाता बाया जे बोलतात, ते मी ऐकलं तसं लिहिलं होतं, आमच्या वऱ्हाडीत. पुण्यातल्या एका चर्चासत्रात मला बोलावलं, तेव्हा एका विद्वानांनी सगळ्यांसमोर सांगितलं की लेखिकेकडे अनुभव आहे, पण भाषेवर संस्कार हवा होता, निदान शेवटी शब्दांचे अर्थ तरी द्यायचे. सभागृह हसलं. 'धुरा' म्हणजे नेतृत्व समजून दुसऱ्या एकानं तर पुस्तक राजकारणावरचं आहे असं धरून प्रश्न विचारला. परतीच्या बसमध्ये मी ठरवून टाकलं की पुन्हा लिहायचं नाही. उरलेल्या प्रती माळ्यावर गेल्या.

अशा वेळी एका दुपारी, पांढरा शर्ट पँटमध्ये नीट खोचलेले एक उंच गृहस्थ आमच्या दारात उभे राहिले. बुलढाण्याहून ऑटोनं आले होते. हातात माझं पुस्तक. "हे लिहिणाऱ्या तुम्हीच का? मला हे इंग्रजीत करायचं आहे. परवानगी मागायला आलो." मला आधी थट्टाच वाटली. मी म्हटलं, "काका, मराठीतल्याच लोकाईले समजलं नाई, इंग्रजीवाल्याईले काय समजन?" ते ओट्यावर टेकले, पाणी प्यायले आणि सावकाश म्हणाले, "मराठीवाल्यांना वाटतं, ही आपलीच भाषा आहे, पण बिघडलेली. म्हणून ते चुका शोधतात. इंग्रजीवाल्याला तसं वाटायचं कारण नाही. त्याच्यापुढे ती स्वतःच्या पायावर उभी राहील." माझ्या भाषेबद्दल इतक्या आदरानं कोणी बोललेलं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. परवानगी द्यायला मला चहा उकळण्याइतकाही वेळ लागला नाही.

काकांची बहुतेक नोकरी कोर्टात अनुवादक म्हणून गेली. साक्षीदार वऱ्हाडीत बोलायचे आणि काका ते इंग्रजीत उतरवायचे. मूळचे ते मेहकर तालुक्यातले, हिवरा आश्रमाजवळच्या एका खेड्यातले. वडील भिक्षुकी करायचे, आणि पोरगा 'मले' म्हणाला की पाठीत धपाटा घालायचे : 'मला' म्हण! त्यामुळे काका कायम स्वच्छ, छापील मराठी बोलायचे. वऱ्हाडी त्यांना पुरती कळायची, पण तोंडातून कधी यायची नाही. नोकरीच्या सुरुवातीचा एक प्रसंग मात्र ते रंगून सांगत. तेव्हा ते एका लहानशा कोर्टात कारकून होते. मारहाणीच्या खटल्यात एका विधवा बाईची साक्ष चालली होती. ती म्हणाली, "तो माह्या घरी येऊन राह्यला होता, तं वाटेतच त्याले मारलं." म्हणजे तो माझ्याकडे येत होता. कोर्टाच्या बाहेरगावच्या अनुवादकानं त्याचं इंग्रजी केलं : तो माझ्या घरी येऊन राहिला होता. झालं! उलटतपासणीत वकिलानं त्या एका वाक्यावरून बाईच्या अब्रूला हात घातला. बाई गोंधळली, मग रडायला लागली. कोणाला काही कळेना. तेव्हा मागच्या टेबलावरून तरुण भास्कर उठला आणि न्यायाधीश साहेबांना म्हणाला, "साहेब, आमच्याकडे 'येऊन राह्यला' म्हणजे वाटेवर असलेला. मुक्कामाला असलेला नव्हे." साहेबांनी बाईला पुन्हा विचारलं, जबानी दुरुस्त झाली. "त्या बाईनं जाताना माझ्याकडे जे पाहिलं ना, तीच माझी पदवी," काका म्हणायचे. "त्या दिवशी कळलं, शब्द इकडून तिकडे नेणारा चुकला तर माणूस उघड्यावर पडतो."

कादंबरीवर त्यांनी त्याच धसक्यानं काम केलं. आठवड्यातून एकदा देऊळघाटला यायचे आणि माझ्याशी कमी, माझ्या सासूबाईंशी जास्त बोलायचे. गोदामाय म्हणतात त्यांना सगळे. लिहिता-वाचता येत नाही, पण कादंबरीतली अर्धी वाक्यं त्यांच्याच तोंडची. काका पुस्तक उघडून विचारायचे, "गोदामाय, यातली आई पोराला 'काऊन बे' म्हणते. हे रागानं की लाडानं?" गोदामाय सूप बाजूला ठेवून विचार करायच्या. "दोन्हीनं. आंदी राग येते, मंग त्याच्या तोंडाकडे पाह्यलं का माया येते." काका हसायचे आणि डोकं धरायचे. 'का रे' विचारणाऱ्या दोन शब्दांत राग आणि माया मावेल असं काही इंग्रजीत सापडेपर्यंत ते पुढच्या ओळीला जायचे नाहीत. कधी गोदामायना एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला लावायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. एकदा गोदामाय वैतागून म्हणाल्या, "याईले आयकू कमी येते का वं?" काकूंना हे सांगितलं तेव्हा त्या कितीतरी वेळ हसत होत्या.

अनुवाद पुरा झाला. दिल्लीच्या एका प्रकाशकानं तो घेतला आणि आमच्या घरी पेढे वाटले गेले. मग त्यांच्या संपादकांचा फोन आला. मी काकांच्याच घरी होते. काकांनी फोन मोठ्या आवाजावर ठेवला. संपादकांचं म्हणणं होतं की बायांचं बोलणं एक तर साधं सरळ इंग्रजी करा, नाहीतर मोडकंतोडकं करा, म्हणजे त्या अडाणी आहेत हे वाचकाला कळेल. आणि नाव बदलून 'कापसाच्या लेकी' ठेवा. कादंबरीत कापसाचं एक बोंड नाही! काका शांतपणे म्हणाले, "त्या अडाणी नाहीत. त्यांचं व्याकरण पूर्ण आहे, ते मी मोडणार नाही." पलीकडून उत्तर आलं की मग अवघड आहे. फोन बंद झाल्यावर माझा धीर सुटला. "करू द्या न काका त्याईले काय करायचं ते. पुस्तक तं निघन." काका तोवर माझ्यावर कधी चिडले नव्हते. त्या दिवशी त्यांचा आवाज चढला. "रेखा, वकिलाला सोयीचं व्हावं म्हणून मी एकाही साक्षीदाराचा शब्द फिरवला नाही. गोदामायचा फिरवू?" आतून काकू आल्या, दोघांच्या पुढ्यात पोहे ठेवले आणि म्हणाल्या, "नाही म्हटलंय ना? मग खा आता." हस्तलिखित परत आलं.

नंतरचा काळ कठीण गेला. कुठून नकार यायचा, कुठून काहीच नाही. काकांच्या छातीचं दुखणं याच सुमारास सुरू झालं. मला वाटायचं, या माणसाच्या हयातीत हे होणार नाही. पण ते दर वेळी हस्तलिखितात एखादं वाक्य सुधारायचे आणि नव्या पत्त्यावर धाडायचे. शेवटी परदेशातल्या एका मासिकानं त्यातलं एक प्रकरण छापलं. ते वाचून चेन्नईच्या एका छोट्या प्रकाशनाच्या संपादिकेनं फोन केला. त्या म्हणाल्या, "मी हे मोठ्यानं वाचलं. मला मराठी येत नाही, पण या बायांचे आवाज वेगवेगळे ओळखू आले. यातलं काही बदलू नका." काकांनी फोन ठेवला आणि खिडकीपाशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. काकूंनी मला डोळ्यानं खुणावलं, बोलू नको म्हणून.

पुस्तक आलं. मुखपृष्ठावर माझ्या नावाखाली तेवढ्याच अक्षरात काकांचं नाव होतं, आणि मधोमध, इंग्रजी लिपीत, 'धुरा' हा शब्द जसाच्या तसा. आणि मग जे घडत गेलं ते आम्हा दोघांच्याही आवाक्याबाहेरचं होतं. कुठल्या कुठल्या वर्तमानपत्रांत परीक्षणं आली. आयर्लंडच्या एका निवृत्त शिक्षिकेनं काकांना लिहिलं की आमच्या खेड्यातली बोलीही शाळेत आमच्याकडून मारून सोडवली होती. तुमचं पुस्तक वाचताना मला माझी आजी ऐकू आली. काकांनी ते मला वाचून दाखवलं, आणि 'मारून सोडवली' हे शब्द दोनदा वाचले. इंग्रजीवरून मल्याळम झालं, स्पॅनिशचं काम सुरू झालं. आणि एक दिवस दिल्लीहून कळलं की पुस्तकाला पुरस्कार आहे.

समारंभात माझं नाव पुकारलं. मी वर गेले, तर व्यासपीठावर माझ्यासाठी एकच खुर्ची. काका खाली पाहुण्यांच्या रांगेत. मी उभीच राहिले. निवेदिकेनं बसायला सांगितलं, तर मी म्हटलं, "काका वर आल्याशिवाय मी नाही बसणार. हे सगळे माझं पुस्तक त्यांच्याच शब्दांत वाचून आलेत." मागच्या रांगेतून कोणीतरी टाळी वाजवली, आणि बघता बघता सगळं सभागृह वाजायला लागलं. दुसरी खुर्ची आली. पुढे गप्पांच्या ओघात निवेदिकेनं काकांना विचारलं, अशी ग्रामीण बोली इंग्रजीत आणताना अडचण आली नाही का? काकांनी इंग्रजीत छान उत्तर दिलं. मग माईक दोन्ही हातांत धरला, आणि मी त्यांच्या तोंडून कधीच न ऐकलेली भाषा बाहेर आली. "बाई, हे बोली माह्या मायची हाय. लहानपनी बोललो तं बापानं धपाटे घातले. आज दिल्लीत बोलून राह्यलो, अन् तुमी समदे टाळ्या वाजवून राह्यले." शब्द किती जणांना कळले असतील कोण जाणे, पण लोक उठून उभे राहिले. पहिल्या रांगेत शालिनीकाकू पदर तोंडाला लावून हसत होत्या की रडत होत्या, मला सांगता येणार नाही. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनीही ही भाषा नवऱ्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकली होती.

त्यानंतर पुण्याच्या एका प्रकाशकानं मूळ कादंबरीची नवी आवृत्ती काढली, एकाही शब्दाचा अर्थ शेवटी न देता. पूर्वी जिथे लोक मला हसले होते, पुण्याच्या त्याच सभागृहात मला पुन्हा बोलावलं. या वेळी एक तरुण मुलगी उठून म्हणाली, "मॅडम, थोडं तुमच्या बोलीत वाचाल?" मी वाचलं. हसले या वेळीही, पण जिथे हसायचं होतं तिथेच. मराठीतून मराठीत यायला माझ्या पुस्तकाला इंग्रजीतून फिरून यावं लागलं, याचं मला वाईट वाटतं का, असं लोक विचारतात. नाही वाटत. काका म्हणायचे, माणूस परगावी जाऊन नाव काढून आला की घरचेही त्याच्याकडे नीट बघतात. पुस्तकाचं काय वेगळं?

मागच्या आठवड्यात काकूंनी मला आणि गोदामायना बोलावून घेतलं. पुस्तक स्पॅनिशमध्ये करणारी मरिया नावाची तरुण बाई व्हिडिओवर बोलणार होती. ती इंग्रजीवरूनच करते, पण तिला मूळचे आवाज ऐकायचे असतात, म्हणून शेवटचे काही महिने काका तिला फोनवर वऱ्हाडी शिकवत होते, हे मला तेव्हाच कळलं. काकूंनी काकांची खोली झाडूनपुसून ठेवली होती. टेबलावरचे शब्दकोश जागेवर, चष्मा त्यांच्यावर. काकांच्या खुर्चीत बसायला मी आणि काकू दोघीही कचरलो. गोदामाय मात्र सरळ जाऊन बसल्या. पडद्यावर मरियाचा चेहरा आला. ती काकांबद्दल इंग्रजीत बोलली, बोलता बोलता तिनं दोनदा डोळे पुसले. मग तिनं गोदामायकडे पाहून, एकेक अक्षर जपत विचारलं, "गोदामाय, जेवल्या का?"

गोदामाय दचकल्या. मग पुढे झुकल्या. "हाव, जेवली. तू जेवली का वं?"

"हाव," मरिया म्हणाली आणि लहान मुलीसारखी हसली. तिनं सांगितलं की काकांचा हा पहिला धडा होता : त्या घरी शब्दाचा अर्थ विचारण्याआधी माणूस जेवला का ते विचारायचं. मग ती आणि गोदामाय कामाला लागल्या. ती वाक्य म्हणे, गोदामाय मान हलवून म्हणत, "असं नाई, जरा वढून म्हन," आणि मधे बसून मी इंग्रजी सांभाळत होते. काकू चहा ठेवायला उठल्या. जाताना त्यांनी खोलीचं दार सताड उघडं केलं, म्हणजे स्वयंपाकघरातही सगळं ऐकू यावं.