दोन मशिनं आणि गोजाबाईचे डोळे

आटगावजवळच्या एका गोदामात दोन मशिनं होती आणि त्यांच्यापायी पौर्णिमाचा जीव मेटाकुटीला आला होता. कुठला खोका कुठल्या रॅकवर, कुठला ट्रक कधी सोडायचा, हे सगळं ज्या डेटाबेसात होतं तो ही दोन मशिनं मिळून चालवत. एक बसलं तर दुसऱ्यानं ओढायचं. डेटाबेसचं सॉफ्टवेअर मात्र प्रत्येकाच्या आपापल्या डिस्कवर वेगळं टाकलेलं, तेही पौर्णिमाच्याच हट्टानं. त्यामुळे दुरुस्तीचा पॅच आला की तो दोनदा चढवायचा. आधी एकीकडे, ते नीट चाललं की मग दुसरीकडे. ट्रक थांबत नसत, पण तिचे रविवार त्यात जात. सापगावात आई गोजाबाई तिचं ताट झाकून वाट बघत बसे. वर्षानुवर्षं हेच. माणूस आपल्याच हट्टाला किती दिवस पुरा पडणार?

शेवटी तिच्या वरिष्ठ भावना मॅडम म्हणाल्या, "अगं, सामायिक डिस्कवर सॉफ्टवेअरची एकच प्रत ठेव. दोन्ही मशिनं तीच वापरतील. पॅचच्या वेळी दोन्ही बंद करायची, एकदाच चढवायचा आणि घरी जायचं."

यातली गोम पौर्णिमाला ठाऊक होती. ती एक प्रत बिघडली की दोन्ही मशिनं आडवी. एरवी ती तावातावानं भांडली असती. पण 'घरी जायचं' हे शब्द कानाला इतके गोड लागले की तिनं मान डोलावली आणि तसं करून टाकलं.

घरी जायला कारणही होतं. गोजाबाईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. मुरबाडच्या शिबिराची तारीख पौर्णिमाच्या कामापायी दोनदा हुकली होती. या खेपेला मीच नेणार, असं तिनं छातीठोकपणे सांगितलेलं. नेमका पॅचही त्याच रविवारी आला.

"आता एकदाच चढवायचाय, आये. उन्हं चढायच्या आत येते," असं म्हणून ती निघाली. म्हातारी धुवट निळं लुगडं नेसून ओट्यावर बसली होती.

गोदामाच्या ऑफिसात पोचेपर्यंत पौर्णिमा पेंगुळलेलीच. डोकं मुरबाडला, हात सवयीचे. हातांनी नेहमीचंच केलं. पहिलं मशीन बंद केलं, ट्रक थांबू नयेत म्हणून दुसरं चालू ठेवलं आणि पॅच सुरू केला. सगळी तयारी झाली आहे का, असं स्क्रीननं विचारलंदेखील. तिनं नेहमीसारखं 'हो' दाबलं.

थोड्याच वेळात दुसरं मशीन आचके देऊन बंद पडलं. फाटकावर हॉर्न वाजू लागले. तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं, की आता वेगळी प्रत उरलीच नव्हती. चालत्या मशिनाच्या पायाखालची फळी तिनंच काढून घेतली होती.

जुनी प्रत परत आणायला अख्खा दिवस लागणार हे कळल्यावर तिनं घरी फोन लावला.

"आये, अडकले गो मी."

"बरं," गोजाबाई म्हणाली. "तू कर तुजा. मी बगते."

पौर्णिमा दिवेलागणीला परतली. गोजाबाई खाटेवर टेकून बसली होती, उजव्या डोळ्यावर पट्टी. गावाकडेच्या वाडीतली संगीता तिला जीपनं मुरबाडला नेऊन आणून आत्ताच घरी गेली होती.

"दोनी डोळं नाय केलं?" पौर्णिमानं कसंबसं विचारलं.

"एकदम नाय करत गो डाक्टर. एकाला काय झाला त दुसरा आसूदे, म्हनं."

पौर्णिमा उंबऱ्यातच बसली. उद्या जाऊन प्रती पुन्हा वेगळ्या करायच्या, हे तिनं तिथंच ठरवलं. पुन्हा दोनदा पॅच, पुन्हा तेच रविवार. नुसत्या विचारानंच तिचे खांदे भरून आले.

"दुसऱ्या डोळ्याला मी येते, आये. नक्की."

"संगीताला सांगून ठेवलंय मी," गोजाबाई म्हणाली. "तुला काम आसंल."

आवाजात राग नव्हता. असता तर पौर्णिमाला बरं वाटलं असतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तिनं ते पुसलंही नाही. गोजाबाई तिच्याकडेच बघत होती, पण उघड्या डोळ्यात अजून मोतीबिंदू होता.

"जेवलीस का गो?" तिनं विचारलं.