टिकलीखालचा डाग

बेळगावातल्या माझ्या दवाखान्यात येणाऱ्या निम्म्या बायकांना मी दोनच गोष्टी सांगते. मेडिकलवाल्यानं दिलेली ट्यूब नायट्यावर चोळू नका, आणि टिकली बंद करा. पहिलीला निदान मान तरी हलवतात. दुसरीला कुणी दाद देत नाही. टिकलीच्या डिंकानं काहींची कातडी खाजते, चिघळते, मग तिथला रंगच उडतो आणि टिकलीएवढा पांढरा डाग राहतो. हे कोड नव्हे, डिंक लांब ठेवा, रंग बहुतेक परत येतो, हे मी मराठीत सांगते, कन्नडमध्ये सांगते, चिडूनही सांगते. माझं डोकं तसं लवकर तापतं.

आणि माझ्या स्वतःच्या आईच्या कपाळावर तोच डाग होता.

आई-आप्पा निपाणीला राहायचे. आप्पांच्या किडन्या गेल्या होत्या. डायलिसिसला बेळगावला आले की मुक्काम माझ्याकडे. मी आईला समोर बसवायचे, टिकली उचकटून टाकायचे आणि मलम लावायचे. सकाळी बघावं तर मलम पुसून नवीन टिकली.

"आई, डॉक्टर कोण? तू का मी?"

"तूच की. पण तुझं आप्पा असं आजारी पडल्यात आन् मी कपाळ मोकळं ठिवू व्हय?"

"मग साधं कुंकू लाव."

"घामानं पुसतंय त्ये. ध्यानात न्हाय आलं म्हंजे?"

आप्पा पलंगावरून हसायचे. "काढ की गं. मी काय लगीच उठून चाललो न्हाय."

त्यावर ती त्यांच्याकडे अशी बघायची की ते भिंतीकडे कूस बदलायचे. झोपतानाही टिकली काढत नसे. मला राग यायचा. घरात एवढी शिकलेली लेक, आणि बाई ऐकेल तर शपथ. पण मला कळत होतं. आप्पा त्या टिकलीच्या जोरावर टिकून आहेत असं तिला वाटत होतं, आणि त्यावर माझ्याकडे औषध नव्हतं.

गेल्या वर्षी आप्पा गेले. बायका जमल्या. त्यांतल्या एकीनं आईच्या कपाळाकडे हात नेला तेव्हा तो हात मी धरला. "राहू दे तिची टिकली. हल्ली कुणी काढत नाही," मी म्हणाले. मी, जी दिवसभर बायकांना टिकल्या काढायला लावते. आईनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिनं स्वतःच नखानं टिकली सोडवली आणि कुठं टाकावी ते न कळून मुठीत धरून बसली.

नंतर मी तिला माझ्याकडे घेऊन आले. रोज आंघोळ झाली की तेच मलम लावायचे. आधी खाज गेली. मग एकदा खिडकीशी नेऊन बघितलं, तर पांढऱ्यात तपकिरी ठिपके उगवलेले. रंग परतायला लागला की असेच येतात. एरवी असे ठिपके दिसले की मी पेशंटच्या हातात आरसा देते, मीच लई खूश होते. त्या दिवशी हात धुवायला म्हणून आत गेले आणि नळ सोडून रडले. मला तो डाग परत हवा होता. ती भांडणं, पलंगावरचे आप्पा, सगळं परत हवं होतं.

आता कपाळ स्वच्छ आहे. परवा नात्यातली एक आक्का भेटायला आली. म्हणाली, "डाग गेला की गं तुझा."

"लेकीचं औषध," आई पटकन म्हणाली. "लई गुणाचं हाय."

औषध आप्पा असतानाही तेच होतं. हे आईला माहीत आहे आणि मलाही.

आक्का गेल्यावर ती नेहमीसारखी कपाळ पुढं करून माझ्यासमोर बसली. "आता बंद करायचं का गं मलम?"

बंद करायला काहीच हरकत नव्हती.

"नको," मी म्हणाले. "अजून थोडे दिवस लावूया."