कवडूजींची उकळलेली बॅटरी

मंडळी, आज सकाळी घाटंजीत नातवाची गाडी दाखवायला गेलो. मेकॅनिकनं मीटर लावला अन् म्हणाला, "आजोबा, अल्टरनेटर जास्त व्होल्टेज देऊन राह्यला. बॅटरी उकळली."

ॲसिडचा तो वास आला अन् मला कवडूजी आठवले.

साठ वर्षांपूर्वी इथंच माझं बॅटरी चार्जिंगचं दुकान होतं. खेड्यात वीज नव्हती, रेडिओ बॅटरीवर चालायचे. लोक एका आठवडी बाजाराला बॅटरी ठेवत, पुढच्या बाजाराला नेत. जवळच्या खेड्यातले गिऱ्हाईक कवडूजी मात्र म्हणाले, "आजच द्या जी. उद्या बुद्धजयंती आहे. सारी वस्ती रेडिओ आयकाले बसते."

मला राहवलं नाही. डायनॅमोचं व्होल्टेज वाढवलं. बॅटरीत बुडबुडे उसळले, मला वाटलं भरली.

पुढच्या बाजारी ते बॅटरी खांद्यावर घेऊन परत आले. रेडिओ घटकाभर वाजून बंद पडला होता. आतल्या प्लेटा वाकल्या होत्या. मी मान खाली घालून माझी दुसरी बॅटरी देऊ केली.

ते म्हणाले, "सावकाश भरून द्या. थांबाची सवय आहे आमाले."

ते चिडले असते तर मी केव्हाच विसरलो असतो. तुम्हाला असं न चिडलेलं कोणी आठवतं का?