लाल दोऱ्याचं कणीस

आमच्या निडीजवळच्या गावात भात कापून झालं की जमिनीच्या ओलीवर वाल पेरतात. दुसरं काही पेरावं असं कुणाच्या मनातही येत नाही. मी सोलापूरकडची. लग्न होऊन इथे आले, रोह्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवू लागले, तांदळाची भाकरी थापायला शिकले. पण ज्वारी काही डोक्यातून जाईना. लग्नाआधी मी ज्वारीचे नवे वाण तयार करणाऱ्या एका केंद्रात काम करत होते. काम म्हणजे ताटाची उंची मोजायची, कणसाची लांबी मोजायची, दाणे तोलायचे. एकाच शेतात, एकाच दिवशी पेरलेली दोन ताटं वेगळी का निघतात, हे कुतूहल तिथे जे चिकटलं ते अजून सुटलेलं नाही.

माहेरच्या रानात आता ऊस आहे. आईची जुनी ज्वारी, तिच्या सासूपासून चालत आलेली, डब्यात मूठभर उरली होती. "घेऊन जा, इथं उंदरंच खातील," आई म्हणाली. सासूबाईंनी वालाच्या शेतातली एक पट्टी मला दिली. "पेर गो, पेर. नाय आली तर वाल हायतच," म्हणाल्या.

बियाणं जुनं, हवा दमट. निम्मं उगवलंच नाही. उगवलं त्यात खोडमाशी शिरली आणि मधले कोवळे पोंगे सुकले. वाचलेली ताटं हडकुळी, कणसं बोटभर, आणि त्यावरही पाखरांनी ताव मारला, कारण पंचक्रोशीत ज्वारी म्हणून काय ती माझीच. एक ताट मात्र असं उभं राहिलं की मीच चक्रावले. जाड बुंधा, माशीचा मागमूस नाही आणि कणीस भरगच्च.

"तिथं पावसाआधी शेणाचा ढीग व्हता," सासूबाई म्हणाल्या. "जोर शेणाचा हाय, तुझ्या ज्वारीचा नाय."

असेल. हाच तर प्रश्न होता. खताचा जोर पुढच्या पिढीत उतरत नाही, बियाण्यातला गुण उतरतो. पण उभ्या पिकात दोन्ही सारखेच दिसतात. उत्तर मिळवायचा एकच रस्ता होता: या कणसाचं बी धरायचं आणि पुढच्या वर्षी साध्या जमिनीत पेरून बघायचं. गुण बियाण्यातला निघाला तर आईची ज्वारी या मातीत जगणार होती. नाहीतर ती संपली होती. मी पेणच्या बाजारातून आणलेल्या रिळाचा लाल दोरा त्या कणसाच्या देठाला बांधला आणि सकाळ-संध्याकाळ त्याला बघायला जाऊ लागले. नवरा म्हणाला, "मी शिफ्ट करून येतो तेव्हा माझ्याकडे कुणी एवढं बघत नाही."

थंडीत आमच्याकडे पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी भरायची, मडकं उपडं ठेवून भोवती जाळ करायचा. मी माळकरी घरातली, कोंबडी खात नाही. म्हणून लग्नानंतरच्या पहिल्या पोपटीपासून सासूबाई माझे बटाटे आणि वांगी केळीच्या पानात वेगळी बांधतात आणि वर लाल दोरा गुंडाळतात. त्याच मडक्यात कोंबडी असते, हे माहेरी कुणी विचारलेलं नाही आणि मी सांगितलेलं नाही. लाल दोरा म्हणजे सुनेचा वाटा, हे घरात पोराटोरांनाही ठाऊक. कणसाला दोरा बांधताना माझ्या डोक्यात मात्र ते आलंच नाही.

एका संध्याकाळी शाळेतून आले तर अंगणात मडकं फोडायची तयारी चाललेली. ते फोडल्यावर सासूबाईंनी माझी पुरचुंडी हातात ठेवली. जड लागली. पान सोडलं तर आत भाजलेलं कणीस, देठाला माझाच दोरा.

"कवापासून हुरडा हुरडा करतेस," त्या कौतुकाने म्हणाल्या. "तुझा दोरा बघितला नि कणीस कापून आणलं. सगल्यात मोठं तुलाच."

"आई, हे बियाण्याचं होतं हो!" म्हणाले आणि सगळ्यांसमोर रडू कोसळलं. त्यांचा चेहरा पडला. "भाताचं बी राशीतून घेतो गो आमी. एकेक कणीस कोण सांभालतं?" राग होता, तरी मी तो हुरडा खाल्ला. तो इतका गोड होता की आणखीनच रडू आलं.

सकाळी त्या ताटाजवळ गेले ती नुसती हळहळायला. बुंध्याशी एक फुटवा निघाला होता. मी वाकून बघतच राहिले. मागोमाग आलेल्या सासूबाई म्हणाल्या, "हा बारका. ह्याचं कणीस ते काय येल?"

"बारकं आलं तरी चालेल, आई. झाड तेच, गुण तोच."

एवढं त्यांना पुरलं. भांडी धुतलेलं पाणी रोज त्या बुंध्याला जाऊ लागलं. पुढे कणीस बाहेर पडलं तशी पाखरांपासून वाचवायला त्यांनी त्यावर जुन्या पोलक्याची बाही बांधली. केंद्रात आम्ही परका पराग लागू नये म्हणून कणसांवर कागदी पिशव्या बांधायचो. बाहीने तेच काम केलं, हे सांगितल्यावर त्या दिवसभर खुशीत होत्या.

पुढच्या हंगामात ते बी मी मुद्दाम बांधाकडेच्या कडक जमिनीत टाकलं, शेणाचा कण न घालता. काही ताटं पुन्हा बारीक निघाली, काही बुटकी, काही माझ्या डोक्यावर गेली. एका कणसाची लेकरं, पण एकासारखं एक नाही. मात्र माशीने फारशी कुणाला धरली नाही आणि बरीचशी कणसं भरली. गुण बियाण्यात होता. सगळा नसेल, पण होता. माहेरी आईला फोन केला. ती म्हणाली, "भाकरी किती निघतील?"

बियाण्यासाठी चांगली तेवढी कणसं निवडायला म्हणून मी रीळ शोधलं, तर ते घरात सापडेना. शेतात गेले. प्रत्येक कणसाच्या देठाला लाल दोरा होता, बोटभर कणसांनाही. सासूबाई रिकामं रीळ घेऊन बांधावर बसल्या होत्या.

"आता कोण हात लावतो बघते," म्हणाल्या.

वाण सुधारायचा तर मोजकी कणसं ठेवून बाकीची सोडून द्यावी लागतात. त्या वर्षी मी एकही दोरा सोडला नाही.