फोटोत प्लास्टिक नको
वारसा महोत्सव बघायला मी एका जुन्या गावात गेले, बाजारात हौसेने तांब्याचा हंडा घेतला आणि दगडी बारवेपाशी आले. एक बाई निळी प्लास्टिकची घागर घेऊन पाण्याला आली होती. महोत्सवाचा फोटोग्राफर तिच्यावर खेकसला, “मावशी, फोटोत प्लास्टिक नको!” आणि मला न विचारताच त्याने माझा हंडा तिच्या हातात दिला.

माझं डोकंच फिरलं. आमच्या घरी नळाला चोवीस तास पाणी, आणि हिने मात्र आमच्या फोटोसाठी आजेसासूच्या काळात थांबून राहायचं!

बाई बारवेच्या पायऱ्या उतरली, भरला हंडा घेऊन धापा टाकत वर आली. फोटो झाले. मग तिने सगळं पाणी आपल्या घागरीत ओतलं आणि रिकामा हंडा माझ्यापुढे ठेवला.

“घ्या,” ती म्हणाली, “तुमचं जुनं गाव.”