उत्तर आले की उभे राहायचे

माझ्या मुलीचे अगदी बरोबर उत्तर मी भर वर्गात उसने ठरवले, आणि ही लबाडी कित्येक वर्षे पोटात दडवून ठेवली.

स्वारगेटजवळ माझा गणिताचा क्लास होता. सॉफ्टवेअर कंपन्यांचे दिवस होते. घरोघरी एक तरी इंजिनिअर हवा होता. माझ्या वर्गाचा नियम साधा होता : उत्तर आले की उभे राहायचे. बारावीतली माझी मुलगीही तिथेच बसे. वर्गात ती मला ‘सर’ म्हणे आणि मी तिला इतरांसारखेच अहो-जाहो करी.

एकदा फळ्यावर संभाव्यतेचे अवघड उदाहरण घातले. ती सर्वांआधी उभी राहिली. मागून कोणीतरी पुटपुटले, “घरचा क्लास!” मुलीला झुकते माप देतो असे कोणी म्हणेल, ही माझी जुनी भीती. मी म्हणालो, “बसा. घरी पाहिलेली उदाहरणं इथे धरत नाहीत.”

वर्ग हसला. ते उदाहरण मी फळ्यासमोर उभ्याउभ्याच रचले होते. तिने ते आधी पाहिलेले नव्हते, हे आम्हा दोघांनाच ठाऊक होते.

त्यानंतर उत्तर आले तरी ती बसून राही. पुढे उत्तर येणेच थांबले. पूर्वी अडली की ती गुणगुणत दुसरी वाट शोधायची. आता पहिल्याच ओळीवर तिचे पेन थबके. आमच्या धायरीच्या घरी एकदा मी विचारले, “सूत्रं आठवत नाहीत का?”

“आठवतात, बाबा. पण लिहायला घेतलं की छातीत धडधडतं. मग समोरचं काही दिसतच नाही.”

यावर मी तिला आणखी उदाहरणे सोडवायला दिली. प्रवेश परीक्षेत तिचा गणिताचा पेपर जवळजवळ कोरा राहिला. पुढे तिने गणिताला कधीच हात लावला नाही.

गेल्या वर्षी क्लास बंद केला, तेव्हा जुने विद्यार्थी जमले. मुलगीही आली होती. त्यांच्यातला एकजण, आता बडा साहेब, हसत म्हणाला, “सर, हिला तर पेपर घरीच मिळायचा!”

“मिळायचा ना,” ती म्हणाली, “फक्त चहा मला करावा लागायचा.” सगळे हसले. तीही हसली, सवयीने.

मला पुढे ऐकवेना. “थांबा,” मी म्हणालो. “त्या दिवशी वर्गात ज्यावर तुम्ही हसलात, ते उत्तर तिचं स्वतःचं होतं. मी तिला काहीही दाखवलं नव्हतं. हे माहीत असूनही मी तुमच्यासमोर खोटं बोललो.” मग तिच्याकडे वळलो. “बाळा, तुझं गणित मी मोडलं. मला माफ कर.”