बोलपटातला आमचा म्हातारा

रघू गेल्याची तार धुळ्याला माझ्या शाळेत आली, तेव्हा मी वर्गावर होतो. तार पुण्याहून, त्याच्या बोलपट कंपनीकडून आलेली. ती भडगावला त्याच्या वडिलांना, आबांना, मीच नेऊन द्यायची होती... चाळिशीही धड न ओलांडलेल्या मुलाची. त्याला आता महिना उलटला.

रघू आणि मी एकाच आळीत वाढलो. बोलपट पाहणाऱ्यांना त्याचं नाव ठाऊक नसेल, पण चेहरा हमखास ठाऊक. नायिकेचा खोकणारा बाप, कुरकुरा दिवाणजी, देवळातला आंधळा. म्हातारा हवा असला की रघूला बोलावणं. पंचविशीतच तो म्हातारा झाला आणि शेवटपर्यंत म्हाताराच राहिला. नायकाचं रूप काही देवानं दिलं नव्हतं, पण काम इतकं चोख की त्याच्यापुढे भलेभले नायक फिके पडत. हे मी मैत्रीखातर म्हणत नाही.

कंपनीत गेल्या गेल्या त्याला मिशी काढावी लागली. रोज नवी मिशी चिकटवायची, तर स्वतःची ठेवून कसं चालेल? तसाच तो दिवाळीला घरी आला. आमच्याकडे बाप जिवंत असताना मुलगा मिशी काढत नाही. आबांनी त्याला उंबऱ्याबाहेरच थोपवलं.

"मनं तेरावं करीसन उना का तू?"

बापाचं तेरावं उरकून आलास का, एवढंच म्हणाले आणि पुढे कित्येक वर्षं त्याच्याशी बोलले नाहीत. रघू वरून हसायचा, पण आतून पार खचला होता.

मग जळगावला त्याचा एक बोलपट लागला. गळ घालून मी आबांना दुपारच्या खेळाला नेलं. रघू रजेवर आलेला, पण आत यायचा धीर होईना, बाहेरच थांबला. पडद्यावर म्हातारा पाटील झालेला रघू आला आणि मी चोरून आबांकडे पाहिलं. कुणी काही विचारलं की आबा पागोटं काढून गुडघ्यावर घेत, एक पेड नीट बसवत आणि मगच उत्तर देत. पाटील हुबेहूब तेच करत होता! लोक हसून बेजार. आबा ताठ बसलेले. आता बापलेकांचं कायमचं तुटलं, असंच मला वाटलं.

बाहेर आल्यावर आबा थेट रघूपुढे जाऊन उभे राहिले.

"हसाले तुले मीच सापडनू का?"

"आबा, माले दुसरा म्हातारा कोठे माहीत शे?"

आबांनी पागोटं काढलं, पेड बसवला. मग म्हणाले, "पेड उलटा बांधा तू. घर चाल, दखाडस तुले."

दुसऱ्या दिवशी ओसरीवर बसवून त्यांनी त्याला पागोट्याचा उलटा बांधलेला पेड सुलट कसा बांधायचा ते शिकवलं. मी जवळच होतो. रघूला इतका खूश मी कधी पाहिला नाही.

परवा तोच बोलपट जळगावला पुन्हा लागला. आबा आपण होऊन म्हणाले, मला ने. मला धास्तीच वाटत होती. रघू पडद्यावर आला, पांढऱ्या मिशांचा, कमरेत वाकलेला, नातवाच्या खांद्यावर हात ठेवून चालणारा... आबांनी माझा हात घट्ट धरला. लोक हसले तेव्हा या वेळी तेही हसले. खेळ संपला तेव्हा मात्र त्यांचे डोळे भरून आले होते.

"मना पोऱ्या म्हातारा व्हयेल दखा मी, शंकर. मराना आधी दखा."

पोराचं म्हातारपण पाहून झालं म्हणत ते कोऱ्या पडद्याकडे बघत राहिले. माणसं उठून गेली, झाडूवाला आला, तरी आबा जागचे हलले नाहीत. मी बाहेर जाऊन पुढच्या खेळाची दोन तिकिटं काढून आणली.